आधी पाय दाखवा

काकाजींनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. मी दारात उभी, हातात बॅग, चेहऱ्यावर भाड्याने खोली मागणाऱ्याला शोभेल असं गरीब हसू, आणि हे गृहस्थ ओसरीच्या कडेला उकिडवे बसून माझ्या चपलांकडे बघत होते. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तोवर प्रत्येक घरी आडून आडून जी चौकशी झाली होती ती जात तर मुळीच विचारली नाही. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाले, "टाचेले चिखल हाये. धुवून या. मंग खोली दाखवतो."

मी अमरावतीची. अर्जुनी मोरगावच्या हायस्कुलात एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेवर भूगोल शिकवायला आले आणि पुढे तिथेच चिकटले. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आले तेव्हा माघ चालू होता, थंडी सरत आलेली. आमच्याकडे त्या दिवसांत धूळ उडते. चिखल हा पावसाळ्याचा माल आहे, असं मी भूगोलाच्या पदवीनिशी समजत होते. इथे बघते तर उन्हाळी धानासाठी नहराला पाणी सुटलेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखलणी चाललेली, आणि त्या बांध्यांतला काळा, चिकट चिखल ट्रॅक्टरांनी चाकांना लावून गावभर वाटलेला. वर शिमग्याच्या आगेमागे एखाद-दुसरी अवकाळी सर ठरलेली. सगळा महाराष्ट्र सुकत असताना हे गाव भिजत असे.

तर मी टाच धुवून आले आणि मला खोली मिळाली. त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकीजी. मीही तेच म्हणू लागले.

काकाजी साठीचे, उंच, ताठ, कायम धोतर आणि बिनबाह्यांची बंडी. जातीने पवार. पूर्वज माळव्यातून आले हे ते ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगत, आणि घोड्यावर बसून आले हे सहाव्या मिनिटाला. बैलगाडीतून आले असतील, असं मी एकदा बोलून गेले तर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. घोडे ठेवणाऱ्यांच्या घरात घोडं घासायचा खरारा असायचाच, म्हणून त्यांच्याही घरी खरारा होता, लोखंडी दातांचा नव्हे, जाड केसांचा. गोठ्यात घोडा काही मी कधी पाहिला नाही. त्या खराऱ्याचा सगळा लाभ बताशाला मिळे.

बताशा हे त्यांचं कुत्रं. नखशिखांत पांढरं. पिल्लू असताना गोंदियाच्या स्टेशनवर त्यांच्या मागे लागलं आणि त्यांच्याच पिशवीत बसून रेल्वेने अर्जुनीला आलं. या गावात पांढरं कुत्रं पाळणं म्हणजे आपणहून डोकेदुखी विकत घेणं. मी तसं म्हटलंही. त्यावर ते म्हणाले की काळं कुत्रं स्वच्छ ठेवण्यात काय अक्कल लागते, त्याचा चिखल दिसतच नाही.

पण ही नुसती हौस नव्हती. बताशाच्या आधी त्यांचं एक तांबडं कुत्रं होतं. गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांचं असतं तसं ते शेतावरच्या झोपडीपाशी बांधलेलं असायचं. फागुन-चैतात जंगलातले ओढे आटतात आणि बिबट तलावाच्या काठाने बांध्यांपर्यंत पाण्याला येतो. एका सकाळी काकाजी शेतावर गेले तर साखळी तेवढी राहिली होती. ते त्याबद्दल फार बोलत नसत. बताशा आला तेव्हा मात्र त्यांनी जाहीर केलं की हा घरात निजेल.

काकीजींच्या घरात कुत्रं निजणार, ही गोष्ट गावात कोणाला खरी वाटली नाही. त्या बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि पहाटे उठून सगळं घर शेणाने सारवणाऱ्या. भिंतीच्या कडेने छुईचा, म्हणजे तिथल्या पांढऱ्या मातीचा, बोटभर रुंद पट्टा. तो इतका सरळ की मी शाळेत फळ्यावर रेघ मारताना मला तो आठवून लाज वाटायची. कुत्र्याची शेपटी लुगड्याला लागली तर त्या लुगडं बदलत. त्यांनी नाही म्हटलं नाही. एकच अट घातली: सारवणावर कुत्र्याच्या पायाचा एक जरी ठसा दिसला तर कुत्रं त्याच दिवशी शेतावर जाईल. काकाजींनी शब्द दिला. पवाराचा शब्द, असं वर म्हणालेसुद्धा, म्हणजे आता माघार नाही.

बताशाचा जीव असा त्याच्या चार पायांवर टांगलेला होता. आणि कुत्रं तर असं की काकाजी बांधीवर निघाले की त्यांच्या पुढे. बांधून ठेवलं तर इतकं रडायचं की शेजारच्या गाई दूध चोरायच्या. त्यामुळे रोज सकाळी पांढरं कुत्रं घराबाहेर जाई आणि माझ्या शाळेच्या वेळेला पोटापर्यंत काळं होऊन परत येई.

त्यानंतरचा कार्यक्रम मी शाळेला उशीर करूनही बघितलेला आहे. अंगणात पेरूच्या झाडाखाली एक जुनी पितळी परात होती. त्या परातीत बताशा जाऊन उभा राही. बसायचं नाही, हलायचं नाही. मला वाटलं आता पाणी ओतणार. छे. काकाजी शेजारी खाटेवर बसून सुपारी कातरत बसत. चिखल ओला असेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला कायदा. ओल्या चिखलाला पाणी दाखवलं की तो केसांच्या मुळाशी जाऊन बसतो आणि मग निघता निघत नाही. सुकू द्यायचा. सुकला की खराऱ्याने झाडायचा, तो आपोआप भुकटी होऊन पडतो. मग पोटाला धानाचा बारीक कोंडा चोळायचा, उरलीसुरली ओल तो पिऊन टाकतो. पाणी फक्त पायांना, तेही कोमट, आणि बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवून. मग जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून, अंथरलेल्या तणसावरून चालवत उंबऱ्याशी न्यायचं. तणस म्हणजे धानाचा पेंढा. उंबऱ्यावर एकेक पाय उचलून शेवटची तपासणी. एवढं झालं की बताशा आत जाऊन आपल्या पोत्यावर पडे आणि काकाजी माझ्याकडे बघत, मी परीक्षक असल्यासारखं.

या बाबतीत त्यांना कोणाचाही सल्ला चालत नसे, पण सल्ला देणारे खूप होते. त्यांचा मुलगा गोंदियाला एका राईस मिलमध्ये नोकरीला होता. तो अर्धं हिंदीत बोले. एकदा तो कुत्र्यांसाठीच्या शाम्पूची बाटली घेऊन आला आणि बापाला म्हणाला, जमाना कहाँ से कहाँ पहुँच गया, बाबूजी. काकाजींनी बाटलीवरच्या कुत्र्याचा फोटो निरखून बघितला आणि विचारलं, हे कुत्रं बांधीत जाते का? मुलाच्या समाधानासाठी शाम्पू लावला. बताशा गुलाबाच्या वासाने इतका हैराण झाला की सुटल्याबरोबर शेजाऱ्याच्या उकिरड्यात जाऊन मनसोक्त लोळला. ती बाटली पुढे कितीतरी दिवस न्हाणीघरात होती. मी तिने केस धुतले. चांगले निघाले.

न्हाव्याशी त्यांचं भांडण झालं तेही बताशावरूनच. बोटांमधल्या केसांत चिखलाच्या गोळ्या अडकतात, म्हणून ते केस कापायचे होते. दाढीला येणाऱ्या न्हाव्याला त्यांनी आपली दाढी झाल्यावर सहज सांगितलं, आता याचे पाय कर. न्हाव्याने सामान उचललं आणि महिनाभर घराकडे फिरकला नाही. काकाजींनी स्वतः कात्री आणली, चष्मा लावला, आणि शिकले. त्या महिनाभरात त्यांची स्वतःची दाढी वाढून छातीला लागायला आली होती, पण बताशाचे पाय बघण्यासारखे होते.

गाव हसायचं. त्यांना फरक पडत नसे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस तोंड धुतो कारण लोक तोंड बघतात, पण घराला तोंडाशी काय करायचं? घर पाय बघतं. हे वाक्य ते इतक्या खात्रीने बोलत की समोरचा आपोआप खाली बघे.

काकीजींची तपासणी सकाळी असायची. उजाडल्यावर दार उघडलं की त्या उंबऱ्याशी वाकत आणि उजेडाच्या दिशेने सारवणावरून नजर फिरवत. तेवढा वेळ काकाजींचा चहाचा कप हातात तसाच राही. एका सकाळी त्या म्हणाल्या, "ठसा हाये." बस, एवढंच. देवघराच्या अलीकडे खरंच एक ठसा होता, लहान, गोल. काकाजी उठले, बताशाला उचलून आणलं आणि ठशाशेजारी त्याचा पाय धरला. कुत्र्याच्या पायाची नखं उमटतात, या ठशाला नखं नव्हती. मांजर, ते म्हणाले. काकीजींनी पाय बघितला, ठसा बघितला, पुन्हा पाय बघितला, आणि शेणाचा हात फिरवून ठसा पुसला. निकाल लागला. काकाजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्यानंतर दिवसभर भेटेल त्याला मांजर किती गलिच्छ जनावर आहे ते सांगत होते.

मला त्या वेळी काकीजींचा राग यायचा. एवढं जपणारं माणूस, एवढं शहाणं कुत्रं, आणि यांचं आपलं सकाळी उठून फाशीचा दोर तपासणं चाललेलं. मी एकदा त्यांना म्हटलंही, की काकीजी, आता सोडा की ती अट. त्या निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या की अट सोडली तर ते धुणं सोडतील. माझा राग काही गेला नाही.

मग ती महाशिवरात्र. अर्जुनीच्या भागात महाशिवरात्र म्हणजे प्रतापगडची यात्रा. गोंदियाकडचे लोक रेल्वेने अर्जुनीला उतरतात आणि पुढे एसटीने, जीपने, नाहीतर पायी जातात. ज्याचे नातेवाईक अर्जुनीत आहेत तो त्यांच्याकडे उतरणारच. काकीजींचं माहेर दवनीवाड्याचं. तिथून त्यांचे थोरले भाऊ आले होते. मोठी शेती, मोठ्या मिशा, मोठा आवाज. येताच त्यांनी बताशाचा थाट बघितला आणि दुपारभर त्यावर बोलत राहिले. जनावर जनावराच्या जागी बरं. कुत्रं शेतावर, माणूस घरात. त्यांच्या बिबटाच्या गोष्टीही भरपूर होत्या. शेजारच्या गावात माणसाच्या खाटेखालून बकरी कशी नेली, ती गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. काकाजी पाहुण्यांचा मान म्हणून गप्प होते.

दुपारी भाऊ प्रतापगडला गेले आणि तिकडे पाऊस झाला. संध्याकाळी परतले तेव्हा पिंढऱ्यांपर्यंत चिखल. दारात काकाजी, परात, आणि परातीत बताशा. तोही तेवढ्यातच बांधीवरून आला होता. काकाजी म्हणाले, हा झाला की तुमचा नंबर. भाऊंना आधी ते कळलं नाही. कळलं तेव्हा आवाज चढला.

"कुत्र्याच्या परातीत मी पाय देऊ?"

"थो पयलेपासून उभा हाये," काकाजी शांतपणे म्हणाले. "लाइन कशी मोडू?"

भाऊ त्यांना ओलांडून सरळ आत गेले. ओसरी, माजघर, देवघर. महाशिवरात्र म्हणून काकीजींनी त्या सकाळी जीव ओतून सारवलं होतं, पट्टाही नवा ओढला होता. भाऊ महादेवाला हात जोडून मागे वळले तर बहीण समोर उभी. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, त्यांच्या मागे उमटलेल्या पावलांकडे बघत होती.

"दादा," त्या म्हणाल्या, "या घरात ज्याचा ठसा उमटते थो शेतावर निजते. कुत्र्याले थेच, तुमालेबी थेच."

भाऊ हसले. मग बघितलं की आपण एकटेच हसतो आहोत. काकीजींनी कोपऱ्यातलं घोंगडं काढून त्यांच्या हातात दिलं. झोपडीची किल्ली खिळ्याला आहे, एवढं सांगितलं आणि त्या चुलीकडे गेल्या. भाऊंनी एकदा दाराबाहेरच्या उतरत्या उजेडाकडे बघितलं. खाटेखालच्या बकरीची गोष्ट त्यांना आठवली असावी. ते आपल्याच पावलांवर पाय ठेवत उलटे बाहेर आले आणि मुकाट्याने रांगेत उभे राहिले. काकाजींनी बताशाचं सगळं नेहमीसारखं सावकाश केलं, सुपारीसुद्धा कातरली. मग परात विसळली आणि मेहुण्यांचे पाय स्वतः धुतले, बेचक्यांतून अंगठा फिरवून. मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. त्या दिवसापासून काकीजींवरचा माझा राग पुष्कळ कमी झाला.

त्यानंतरच्या एका दिवाळीला काकाजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. मुलाने गोंदियाला नेलं, तिथे बरेच दिवस ठेवलं. जीभ थोडी वळायला लागल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती डॉक्टरच्या बुटांना चिखल असल्याची. ते ऐकून आम्हाला धीर आला. गोंदियालाच राहा, असं मुलगा म्हणत होता, पण त्याचं घर वरच्या मजल्यावर होतं, कुत्र्याला जागा नव्हती. काकाजी परत आले. उजवा हात मांडीवर पडून असे, उजवा पाय ओढत चालत. बाकी ऐट तीच.

थंडीचे दिवस कोरडे होते, त्यामुळे बताशाचा प्रश्न आला नाही. माघ सरता सरता नहराला पाणी सुटलं.

त्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी दुपारी घरी आले. नहराचं पाणी आलेलं बघायचंच म्हणून काकाजी त्यांच्या जुन्या गड्याचा खांदा धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले होते. बताशा त्यांना सोडून पुढे बांधीत शिरला होता आणि पोटापर्यंत काळा होऊन आला होता. येऊन तो आपणहून परातीत जाऊन उभा राहिला. काकाजी खाटेवर बसले होते आणि त्यांचा डावा हात उजव्या हाताला उगाच चोळत होता. मी म्हटलं, मी धुते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमाले जमंन जी, मॅडम. पन तुमी आज हाये, उद्या बदली होईन."

ते खरं होतं. अमरावतीकडे बदली मिळावी म्हणून माझा अर्ज गेलेला होता, आणि त्यांना ते माहीत होतं. मग त्यांनी गड्याला सांगितलं, रस्सी आण, याला शेतावर ने. गडी बिचारा रस्सी घेऊन आला पण बांधेना. मी काकाजींना इतक्या वर्षांत खाली मान घातलेलं पहिल्यांदा बघितलं. ते मला सहन होत नव्हतं.

काकीजी बाहेर आल्या. "रस्सी कायले?"

"बताशा शेतावर जाऊन राहिला," काकाजी म्हणाले. "शब्द हाये. पाय कोन धुईन आता?"

काकीजी पाठ वळवून आत गेल्या. माझं डोकं फिरलं. एवढी दगड बाई जन्मात बघितली नाही, असं मला वाटलं, आणि तसं तोंडावर बोलायचं मी ठरवूनही टाकलं. तेवढ्यात त्या बाहेर आल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात कोमट पाण्याचं भगोनं, खांद्यावर धोतराचं फडकं, काखेत खरारा. परातीपुढे बसल्या. हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग बताशाचा पाय धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने कुत्र्याला हात लावला होता.

"ओला हाये," काकाजी खाटेवरून म्हणाले. "सुकू दे."

"मले मालूम हाये."

पण त्यांनी हात काढला आणि पायरीवर जाऊन बसल्या. मग आम्ही सगळे चिखल सुकायची वाट बघत बसलो. परातीत कुत्रं, खाटेवर काकाजी, पायरीवर काकीजी, पेरूला टेकून गडी, आणि मी शाळेची पिशवी खांद्यावरून न उतरवता. ऊन बताशाच्या पोटावरून हळूहळू सरकत गेलं आणि काळ्याचं राखी होत गेलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

सुकल्यावर काकीजींनी खरारा चालवला, कोंडा चोळला. हात नवा असला तरी डोळे इतकी वर्षं सगळं बघत होते. काकाजी मधून मधून सूचना करत होते, मागचा राहिला, बेचका राहिला, आणि काकीजी प्रत्येक सूचनेला पाठ दाखवत होत्या. पुसून झालं. तणसावरून नेलं. उंबऱ्याशी एकेक पाय उचलून बघितला आणि बताशाला आत सोडलं. मग वाकून, नेहमीच्या सवयीने, सारवणावरून नजर फिरवली. काही नव्हतं. गड्याला म्हणाल्या, रस्सी ठेवून दे गोठ्यात.

काकाजींना आत जायचं होतं. ते काठी टेकून उठू लागले तशी काकीजींनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलेले त्यांचे पाय घोट्यापर्यंत भरले होते. काकीजींनी परातीतलं पाणी पेरूच्या बुडाशी ओतलं, परात घासून विसळली, पुन्हा भरली आणि खाटेपुढे ओढली.

"आता तुमी," त्या म्हणाल्या.

काकाजींनी माझ्याकडे बघितलं, गड्याकडे बघितलं. डावा पाय त्यांनी आपणहून परातीत ठेवला. उजवा काकीजींनी दोन्ही हातांनी उचलून घेतला.